लिंबू लावलेलं चिकन चोथट का होतं?

प्रश्न: ताई, बोनलेस चिकनला लिंबू, मीठ, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते तरी तव्यावर टाकलं की चोथ्यासारखं लागतं, काय चुकतंय?

उत्तर: अगं, लिंबू रात्रभर नकोच, आंबटाने वरचा थर आधीच आवळतो, सकाळी बघ, तुकडा कडेने पांढरट पडलेला दिसेल. रात्री दही-मीठ लाव, ते खुशाल राहू दे, लिंबू तव्यावर टाकायच्या अर्धा तास आधी पीळ. मटणाला मात्र कच्ची पपई, सालासकट वाटून, अर्ध्या किलोला 1 चमचा आणि तासभरच, जास्त ठेवलं तर लगदा होतो, माझा एकदा झालाय, खूप हळहळले होते. आणि तव्यावर गर्दी करू नकोस गं, पाणी सुटतं.