सामायिक अंगणात चुलतभावाने कंटेनर आणून ठेवलाय. काढायला लावता येईल का?

तुम्ही लिहिलंय की फोंडा तालुक्यातल्या गावच्या घरी, सामायिक अंगणात चुलतभावाने मंडपाचं सामान ठेवायला लोखंडी कंटेनर आणलाय आणि ‘पाया नाही, भिंत नाही, मग परवानगी कसली?’ असं तो म्हणतो. आमच्या डिचोलीकडच्या घरी अगदी हेच झालं होतं.

पाया नाही म्हणजे परवानगी नको, असं मुळीच धरून चालू नका. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय इमारत उभारता येत नाही आणि शेडसुद्धा इमारतीतच धरली जाते. वीस फूट लांब, आठ फूट रुंद कंटेनर रिकामा असतानाच दोन टनांहून जड असतो. तो काही रोज उचलून बाजूला ठेवायची वस्तू नव्हे.

पण पंचायत फक्त बांधकामाचं बघते. जागा कुणाची, हे ती ठरवत नाही. आमच्याकडे सचिव पाहणीला आले, पंचनामा केला आणि मालकीचं दिवाणी कोर्टात बघा म्हणाले. तेव्हा आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा कागद, काढा. त्यावर सगळ्यांची नावं असतील आणि वाटणी झाली नसेल, तर ‘हा कोपरा माझा’ असं तोही म्हणू शकत नाही आणि तुम्हीही नाही. काम वाढवायला लागला तर कोर्टातून मनाई हुकूम मागता येतो. कायमचा तोडगा म्हणजे इन्व्हेंटरी (वारस आणि मालमत्तेची यादी करून कोर्टात चालणारं वाटपाचं काम) करून वाटणी. ती वर्षानुवर्षं रखडते, हे मी जवळून पाहिलंय.

आम्हाला खरा त्रास पावसात झाला. क्रेनने ठेवला तेव्हा कोपरे चार बोटं मातीत रुतले आणि पागोळ्यांचं पाणी जायची वाट बंद झाली. जुलैत ते तांबडं, गंजाचं पाणी काकूच्या स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीला लागलं. काकू रात्री उठून पोती लावत होती. ते बघून चुलतभावालाच वाईट वाटलं. दसऱ्यानंतर सगळे बसलो आणि कंटेनर गोठ्यामागे चिऱ्यांवर नेऊन ठेवला. तुळशीकडची बाजू मोकळी राहिली.

म्हणून आधी त्याच्याशी बोला. हवं तर घरातलं वडीलधारं माणूस मध्ये घ्या. ठरलं तर लिहून घ्या: जागा, मुदत, पाण्याची वाट. सह्या घेताना भावांबरोबर त्यांच्या बायकांच्याही घ्या, कारण आपल्याकडे गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची सामायिक असते. बहिणी आणि त्यांचे नवरे यांनाही विसरू नका. आमच्या कागदावर अकरा सह्या आहेत.

नाहीच ऐकलं तर पंचायतीत अर्ज द्या, सोबत तारीख दिसेल असे फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. आमच्याकडे पहिल्या अर्जाची पोच नव्हती, तो पुढे सापडलाच नाही आणि त्यात अख्खा पावसाळा गेला.