मतदान कार्ड आहे, पण ग्रामपंचायतीच्या प्रारूप यादीत नाव नाही. काय करावं?

आधी विधानसभेची यादी पाहा. ग्रामपंचायतीची यादी तिच्यातूनच प्रभागवार फोडतात. तिथे नाव असून इथे सुटलं किंवा शेजारच्या वॉर्डात गेलं असेल, तर मुदतीत तहसीलमध्ये लेखी हरकत द्या, सोबत विधानसभा यादीचं ते पान, अनुक्रमांकावर खूण करून. तिथेच नाव नसेल तर हरकतीने काही होत नाही. बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) नमुना ६, म्हणजे नव्या नावनोंदणीचा अर्ज, भरा, मात्र ते पुढच्या निवडणुकीसाठी.

लग्न होऊन आलेल्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत असतं, आणि इथेच घोळ होतो. त्यांनी नमुना ६ नव्हे, नाव हलवण्याचा नमुना ८ भरावा. नाहीतर दोन ठिकाणी नाव लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत पडताळणीला आलेल्या बीएलओला बंद घरं सापडतात, म्हणून अर्जाची पोचपावती नक्की घ्या. शंका असल्यास १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा.