म्पिंगो कातण्यापूर्वी

लेथवर कातण्यासाठी पहिलेच विदेशी लाकूड म्हणून आपण टांझानिया-मोझांबिककडील म्पिंगो निवडणार असाल, तर ते एबनी नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. एबनी टेंभुर्णीच्या प्रजातीतील, तर म्पिंगो आपल्या शिसवीच्या डालबर्जिया प्रजातीतील आहे. हे झाड बुटके, वेडेवाकडे आणि अतिशय सावकाश वाढणारे असल्यामुळे क्लॅरिनेट व ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी लागणारा सरळ, निर्दोष काळा गाभा त्यातून थोडाच निघतो, आणि किंमत चढते ती मुख्यतः याच कारणाने. लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असते व फार हळू वाळते. म्हणून ठोकळ्याच्या टोकांवरील मेण घाईने काढू नये, अन्यथा चिरा पडतात. हत्यार वारंवार परजावे, काप हलका घ्यावा. डिंक लावण्यापूर्वी पृष्ठभागावरील तेल ॲसिटोनने पुसावे. भुशाने त्वचेला व श्वासमार्गाला त्रास होऊ शकतो, त्यामुळे चांगल्या मास्कबाबत मी तडजोड मानत नाही. २०१७ पासून ही जाती साइटिसच्या (संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने परदेशातून ठोकळे मागवताना विक्रेत्याकडून निर्यात परवाना अवश्य मागावा; टाळाटाळ करणाऱ्याकडून, माल कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नये.