क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चिंतेवर उपचार करतात म्हणजे नक्की काय करतात? नुसत्या गप्पाच ना?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात राहता, सहा महिन्यांपासून दिवसभर काळजी वाटते, छाती धडधडते, डॉक्टरांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं, आणि घरचे म्हणतात, "गप्पा मारायचे पैसे कशाला द्यायचे?" या लोकांचं शिक्षण काय असतं आणि ते करतात काय, हा तुमचा प्रश्न. मला मात्र घरच्यांचं ते वाक्य लागलं. शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय, कारण हुबेहूब तेच वाक्य माझ्या थोरल्या भावाचं. आमचा नाना.

चोपड्यात माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा गुंडाळून द्यायचं दुकान. तांब्याची तार आणायला दर आठवड्याला जळगावला जायचो. २०१७ चा मे महिना, दुपारची एसटी. विदगावचा तापीचा पूल लागला आणि छाती अशी आवळली की वाटलं, संपलं. बोटांना मुंग्या, तोंड कोरडं, कानात गुंई आवाज. शेजारच्या मावशीने पिशवीतला कांदा फोडून नाकाला लावला. सगळी बस म्हणाली ऊन लागलं. जळगावला उतरलो तो थेट दवाखान्यात. ईसीजी नॉर्मल. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन ईसीजी, एक टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन. सगळं नॉर्मल. नॉर्मल ऐकून माणसाला बरं वाटायला हवं, मला राग यायचा.

मग मी पूलच सोडला. तार आणायला पोऱ्याला पाठवू लागलो. मग बस सोडली, मग लग्नकार्य, मग बाजाराची गर्दी. खिशात कायम सॉर्बिट्रेटची पट्टी. हृदय ठणठणीत, आणि गोळी हृदयाची!

नानाचं निदान एका ओळीचं होतं. "मन कच्चं शे तुनं. काम कर, आपोआप उतरी जाई." काम केलं, नाही उतरलं. मग नानाच म्हणाला बाहेरचं आहे. आषाढी अमावस्येला उतारा झाला. नारळ, लिंबू, काळं कोंबडं आणि गाडीभाडं धरून एकेचाळीसशे रुपये. ते देताना घरात कोणी हूं की चूं केलं नाही. दरम्यान एका मित्राच्या सांगण्यावरून मी मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता शमवणारी गोळी, आणून खायला लागलो. झोप लागायची. महिना-दीड महिन्याने गोळी चुकली की हात थरथरायला लागले. वाइंडिंगवाल्याचे हात थरथरले तर धंदा बंद. ती गोळी पुढे मनोविकारतज्ज्ञांनी हळूहळू कमी करत सोडवली, दुसरं औषध सुरू केलं आणि सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तेव्हा दिवाळी उलटून गेली होती.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टर का?" त्या म्हणाल्या, "नाही. औषध लिहून द्यायचा अधिकार मला नाही." एवढं सरळ उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं. एमए मानसशास्त्र, त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही नुसतं वर्गात बसून नाही, मनोरुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण बघत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत हे शिक्षण आहे. शिवाय भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. अभ्यासक्रमांची नावं आता बदलताहेत, म्हणून पदवीपेक्षा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊच नका. हल्ली चार रविवारचा कोर्स करून 'माइंड कोच'ची पाटी लावणारे गल्लोगल्ली आहेत. आणि हे शहरी फॅड आहे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, बंगळुरूला हे शिक्षण १९५५ पासून दिलं जातं. नानाच्या जन्माआधीपासून.

आता गप्पांबद्दल. दुसऱ्या भेटीत त्यांनी मला खुर्चीत बसवून एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावला. तिसाव्या सेकंदाला बोटांना मुंग्या, डोकं गरगर, पुलावरचं सगळं तिथेच हजर! मी खुर्ची घट्ट धरली. त्या शांतपणे म्हणाल्या, "हेच होतं ना?" श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात आणि गरगरतं. मुंग्या आल्या की मन म्हणतं अटॅक आला. त्या विचाराने श्वास आणखी वाढतो, त्याने मुंग्या आणखी. पाच-दहा मिनिटांत हे शिखराला जातं आणि मग उतरतं. पण आपण त्याआधीच पळ काढलेला असतो, म्हणून ते आपोआप उतरतं हे कधी कळतच नाही. नानाचं 'आपोआप उतरी जाई' एवढ्यापुरतं खरं होतं म्हणा.

मग त्यांनी माझं काम विचारलं आणि मी बोलता बोलता स्वतःलाच सापडलो. शेतकरी येतो, म्हणतो मोटार जळाली. मेगर, म्हणजे वाइंडिंग तपासायचं यंत्र, लावून बघतो तर वाइंडिंग उत्तम. साडेसात एचपीची मोटार असते आणि कुणीतरी ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा स्विच, बाराऐवजी सहा अँपिअरला लावून ठेवलेला असतो. मोटारने नेहमीचा लोड घेतला की ट्रिप! ईसीजी म्हणजे माझा मेगर होता. मोटार धडधाकट, रिले खाली सरकलेला. आणि मी पूल टाळला तो प्रत्येक दिवस रिले आणखी खाली सरकवत होता. डॉक्टरांना न विचारता खाल्लेली अल्प्राझोलाम म्हणजे रिले काढून डायरेक्ट लाइन जोडणं. तसं केल्यावर काय होतं ते विहिरीतून मोटार ओढणाऱ्याला विचारा.

उपचार म्हणजे तो रिले एकेक अँपिअर वर घेणं. याला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणतात. अमेरिकेतल्या ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात याचा पाया घातला. मला एक वही करायला लावली. तारीख, जागा, मनात आलेला विचार, भीती शंभरपैकी किती, आणि प्रत्यक्षात काय झालं. मग शिडी. आधी मोटारसायकलवर मित्राच्या मागे बसून पुलापर्यंत. मग पुलावर पायी अर्ध्यापर्यंत जाऊन भीती ओसरेपर्यंत तिथेच उभं राहायचं. मग मित्राबरोबर बस, मग एकट्याने बस. आणि सगळ्यात अवघड पायरी, सॉर्बिट्रेटची पट्टी घरी ठेवून बस. त्या दिवशीची नोंद आहे, चोपडा स्टँडवर ८५, पुलाच्या मध्यावर ९०, जळगाव स्टँडवर २०. स्टँडवर उतरून शेवभाजी खाल्ली, तिखट लागली तरी छातीकडे लक्ष गेलं नाही.

बारा भेटी झाल्या, आठशेप्रमाणे शहाण्णवशे रुपये. जळगावचं भाडं वेगळं. यात गप्पा किती होत्या? जास्त वेळ तर घरचा अभ्यास न केल्याबद्दल बोलणी खाण्यातच गेला. ज्यांना गप्पा हव्यात त्यांनी पानटपरीवर जावं, तिथे फुकट मिळतात.

तुमचा असा पूल आहे की नाही, हे मला माहीत नाही. तुम्ही दिवसभराची काळजी लिहिलीय, ती निराळी जात असू शकते, आणि तिला शिडीपेक्षा काळजीच्या विचारांवर काम जास्त लागतं. शिडी स्वतःच्या मनाने उभारू नका. आणि हे आधी लिहायला हवं होतं, पहिल्यांदा हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. छातीत दुखलं की 'पॅनिक, म्हणजे भीतीचा झटका असेल' म्हणत बसू नका, आणि ज्यांना डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलीय त्यांनी माझं बघून ती घरी ठेवू नये. काहींना औषध आणि भेटी दोन्ही लागतात, मलाही लागले. सायकॉलॉजिस्टकडे जाणं झेपत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मला अजूनही कधीतरी उन्हाळ्यात धडधडतं. बसतो, मोजतो, उतरतं.

आता घरच्यांना काय सांगायचं. माझं बघून फार काही सांगू नका, कारण नाना आजही म्हणतो, "उतारानं गुण उना," म्हणजे गुण आला तो उताऱ्यानेच. मी वही काढून दाखवतो. उतारा आषाढी अमावस्येला झाला, मी एकट्याने पूल ओलांडला फेब्रुवारीत. मधले सहा-सात महिने ते कोंबडं काय करत होतं, या प्रश्नावर नाना चहा मागवतो. वही दुकानाच्या गल्ल्यात आहे. पुतण्या हे उत्तर वाचेल, तो नानाला वाचून दाखवेलच.