वाचकांचे प्रश्न: आयटीआयची शिष्यवृत्ती कुठे अडकते?

प्रश्न : मुलगा आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही अनुसूचित जमातीचे. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात पैसे नाहीत. बँकवाले म्हणतात, आधार लिंक आहे. मग अडलं कुठे? (एक पालक, शहादा)

उत्तर : 'लिंक' या शब्दातच सगळी गंमत आहे. केवायसीसाठी बँकेने आधार क्रमांक खात्याला जोडला, तरी सरकारी पैसा त्याच खात्यात येईल असं नाही. त्यासाठी खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत चढावं लागतं, याला 'सीडिंग' म्हणतात. एका आधारला तिथे एकच बँक असते, आणि शेवटी जिथे सीडिंग केलं तीच धरली जाते. पोराने मधल्या काळात मोबाईलवरून दुसरीकडे खातं उघडलं असेल, तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. आधी ते पासबुक पाहा.

माय आधार संकेतस्थळावर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसायला हवं. 'इनॲक्टिव्ह' असेल तर शाखेत सीडिंगचा संमती अर्ज भरून द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका. काही दिवसांनी पुन्हा तपासा.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, तेही पाहून घ्या. शिवाय अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या 'स्मॉल अकाउंट'ला 50,000 रुपये शिल्लक आणि वर्षाला एकूण 1 लाख रुपये जमा अशी मर्यादा असते. पूर्ण केवायसी केली की ती उठते. सीडिंग, केवायसी सगळं ठीक निघालं, तर अर्जाचा आयडी घेऊन यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा यांपैकी तुम्हाला लागू असलेल्या आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात जा.

प्रश्न : अर्ज परत आला, हे आम्हाला महिनाभराने कळलं. असं का? (एक विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : बहुतेक वेळा नेट कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो. मेसेज त्याच्याकडे जातो, मुदत तुमची संपते. प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर टाका आणि दर आठवड्याला लॉगिन करून पाहा. 'सेंड बॅक' म्हणजे नामंजूर नव्हे. शेरा वाचायचा, दुरुस्ती करायची आणि पुन्हा सबमिट करायचं. नुसती दुरुस्ती करून सबमिटचं बटण न दाबणारेही खूप.

शेरा बहुधा उत्पन्नाच्या दाखल्याचा असतो. तहसीलदारांचाच दाखला लागतो. पगारपत्रक किंवा तलाठ्याचा नुसता अहवाल चालत नाही. त्यावरची 31 मार्चची वैधता पाहा. जून-जुलैत सेतूवर रांग लागते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका. अनुसूचित जाती-जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये आहे. दाखल्यावर 'रामदास', आधारवर 'रामदासभाई' असा फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

प्रश्न : खासगी आयटीआयत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर फी परत मिळते का? (चोपडा)

उत्तर : नाही. शुल्क प्रतिपूर्तीसाठी प्रवेश केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. "फी भरा, मागाहून शिष्यवृत्तीतून मिळेल" असं कुणी तोंडी सांगितलं, तर पैसे देण्याआधी प्रवेशपत्र मागा आणि त्यावर प्रवेशाचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा.