वाचनालयातल्या जुन्या मोडी कागदपत्रांच्या जतनासाठी अनुदान कुठून मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं शंभरी ओलांडलेलं वाचनालय, माळ्यावरच्या पेट्यांमध्ये मोडीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), थोड्या पोथ्या, 1920-30 च्या सुमाराच्या स्थानिक साप्ताहिकांची बाडं. छप्पर गळतंय. कार्यकारिणी म्हणते सरकारकडून नाहीतर ब्रिटिश लायब्ररीकडून अनुदान आणा, आणि एक सभासद सगळं लॅमिनेट करून टाका म्हणून मागे लागलाय. मी अशाच एका जुन्या संस्थेत चिटणिसाचं काम करतो. अर्ज, कोटेशनं आणि उपयोगिता प्रमाणपत्रं (मिळालेले पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) हे सगळं माझ्याच गळ्यात असतं, म्हणून लिहितो.

आधी त्या सभासदाला थांबवा. लॅमिनेशनमध्ये गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते परत निघत नाही. सेलोटेपचं तेच, वरून तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. जतनाच्या कामात एकच नियम पक्का धरतात, जे केलं ते पुढे कुणाला उलटवता आलं पाहिजे. अशा 'दुरुस्त' केलेल्या कागदांचा फोटो अर्जाला जोडलात तर तपासणारा पहिल्याच पानावर पेन खाली ठेवेल.

आता पैशाचं. पैसे मिळतात, पण 'जुने कागद' या नावाखाली मिळत नाहीत. प्रत्येक योजना विशिष्ट प्रकारच्या कागदासाठी असते आणि तुमच्या पेट्यांत किमान तीन प्रकारचे कागद आहेत. बहुतेक संस्था तिन्हींचा एकच अर्ज करतात आणि तिन्हीकडून नकार घेऊन बसतात.

पोथ्यांचं सांगतो. केंद्र सरकारचं राष्ट्रीय पांडुलिपी (म्हणजे हस्तलिखित) मिशन 2003 मध्ये सुरू झालं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्याच कामासाठी 'ज्ञान भारतम् मिशन' जाहीर झालं, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करायचं उद्दिष्ट ठेवून. त्यात खाजगी संग्राहक आणि ग्रंथालयंही धरली आहेत, म्हणजे तुम्ही बसता. पण पांडुलिपी मिशननं केलेली हस्तलिखिताची व्याख्या नीट वाचा. हातानं लिहिलेलं, किमान 75 वर्षं जुनं आणि ज्ञान, इतिहास किंवा सौंदर्याच्या दृष्टीनं मोलाचं, असं काहीही हस्तलिखित. छापील आणि शिळाप्रेसवरचं त्यात येत नाही, आणि फर्मानं, महसुली कागद यांसारखी ऐतिहासिक कागदपत्रंही त्यात धरलेली नाहीत. म्हणजे तुमची भागवताची पोथी आत, आणि तिच्याच पेटीतला कुलकर्णी वतनाच्या तंट्याचा महजर (निवाड्याचा कागद) बाहेर.

इथे एक मेख आहे. व्याख्या लिपी बघत नाही, मजकूर बघते. मोडीत आहे म्हणून कागद दफ्तरच (कारभाराची कागदपत्रं) असेल असं नाही. वैद्यकाची वही, बखरीची नक्कल, पंचांगाचं गणित, पाककृती असं काही मोडीत सापडलं तर ते खुशाल पोथ्यांच्या यादीत घाला. मोडी न वाचताच 'जमिनीचे कागद' म्हणून बाजूला टाकलेल्या जुड्यांमध्ये असलं बरंच निघतं.

खरं दफ्तर, म्हणजे सनदा, महजर, कीर्द-खतावण्या, इनामाची प्रकरणं, यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अर्थसाहाय्य योजना बघा. ही संस्था 1891 मध्ये कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून सुरू झाली. राज्यांच्या अभिलेखागारांना ती मदत करतेच, पण नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, ग्रंथालयं, शिक्षणसंस्था यांच्यासाठीही तिची वेगळी योजना आहे. सूची करणं, दुरुस्ती, साठवणीची सोय असली कामं त्यात बसतात. पूर्ण खर्च मिळेल असं धरू नका, काही वाटा संस्थेला स्वतः घालावा लागतो. तो कुठून येणार हे अर्जात लिहिलं नसेल तर अर्ज कच्चा समजतात. पैसे हप्त्यानं येतात आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. तेव्हा कामाचे तुकडे असे पाडा की मधे हप्ता लांबला तरी एक तुकडा पुरा झालेला असेल. अर्धे रुमाल सोडलेले आणि अर्धे बांधलेले अशा अवस्थेत पावसाळा गाठू नका.

राज्याचं पुराभिलेख संचालनालय (मुंबईत काळाघोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत) तुम्हाला रोख पैशापेक्षा दुसऱ्या गोष्टींसाठी उपयोगी पडेल. ते मोडीचे वर्ग घेतात, जतनाबद्दल सल्ला देतात आणि त्यांच्या तज्ज्ञानं संग्रह पाहिल्याचं पत्र दिलं तर पुढच्या कुठल्याही अर्जाला वजन येतं. पुण्याचं पेशवे दफ्तर याच खात्याकडे आहे. कार्यकारिणीतल्या दोघांना एकदा तिथे नेऊन आणा. हजारो रुमाल ओळीनं कसे ठेवतात हे डोळ्यांनी पाहिलं की सभेत कपाटांचा ठराव वाद न होता पास होतो.

ब्रिटिश लायब्ररीबद्दल कार्यकारिणीनं ऐकलंय ते खरं आहे. त्यांचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम 2004 पासून चालू आहे, पैसा आर्केडिया नावाच्या निधीचा. भर साधारण विसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या साहित्यावर. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, ही त्यांचीच अट. तसंही आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 75 वर्षांपेक्षा जुनं महत्त्वाचं हस्तलिखित वा दस्तऐवज खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. ते पैसे देतात डिजिटल प्रती करायला, आणि त्या प्रती जगाला फुकट बघायला खुल्या होतात. हे सभेत आधीच बोलून घ्या. 'आमचे कागद इंटरनेटवर कशाला' म्हणणारा एखादा विश्वस्त प्रत्येक संस्थेत असतो आणि तो अर्ज मंजूर झाल्यावर जागा होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काही असेल, फोटो, पत्रकं, ध्वनिफिती, तर आर्केडियाच्याच पैशावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेचा दुसरा कार्यक्रम चालतो, तो बघा.

पण खरी अडचण परदेशातून येणारा पैसा घेण्याची आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. तालुक्याच्या वाचनालयाला हा आकडा गाठणं अवघडच. ठराविक देणगीसाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण वेळखाऊ. आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था तो पैसा तुमच्याकडे वळवू शकत नाही. ती स्वतः खर्च करून तुमच्या माळ्यावर येऊन काम करू शकते. म्हणून या वाटेनं जायचं तर अर्जदार एखादं विद्यापीठ किंवा मोठी संशोधन संस्था असू द्या आणि तुम्ही संग्रहाचे मालक म्हणून करारात या. मान थोडा कमी, काम जास्त.

सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाकडे, लोक उगाच दुर्लक्ष करतात. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृतीचं रक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालयं हे विषय सरळ लिहिलेले आहेत. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी किंवा जास्त आहे तिला हा खर्च करावाच लागतो, आणि एवढ्या नफ्याची कंपनी तुमच्या जवळच्या एमआयडीसीत सापडेल. सहकारी साखर कारखान्याला मात्र हे कलम लागू नाही, तो देईल ती साधी देणगी. कंपनीला तुमच्याकडून 12ए, 80जी (या दोन्ही आयकर खात्याकडच्या) आणि सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी लागते. आणि हो, कंपनीवाल्यांना 'आम्लमुक्त खोकी' या शब्दांनी फारसा पाझर फुटत नाही. छप्पर, कपाटं, वाचनकक्ष असं काहीतरी मागा ज्याचं उद्घाटन होऊ शकतं, आणि खोकी त्याच अंदाजपत्रकात बसवा. कपाटांपुरती गरज असेल तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, ग्रंथालय संचालनालयामार्फत जायचं.

हे सगळं झालं, तरी यातल्या कुठल्याही दारावर उभं राहायच्या आधी यादी लागते. जे अर्ज फेटाळलेले मी पाहिले त्यातल्या बहुतेकांत 'अत्यंत दुर्मीळ व अमूल्य कागदपत्रे' असं लिहिलेलं होतं आणि किती, कुठली, कुठल्या काळातली याचा पत्ता नव्हता. पैसे देणाऱ्यानं तुमचा माळा पाहिलेला नसतो. त्याच्यापुरता तुमचा संग्रह म्हणजे ती यादी.

यादीला पैसे लागत नाहीत, माणसं लागतात. कोरडा दिवस बघा, म्हणजे दिवाळीनंतर. पांढरी चादर अंथरा, एका वेळी एकच रुमाल सोडा, आतल्या जुड्यांचा क्रम अजिबात हलवू नका. जुन्या कारकुनानं बांधताना काही हिशेबानं बांधलंय, तो क्रम हीसुद्धा माहिती आहे. मऊ ब्रशनं धूळ झटका, तोंडाला मास्क लावा. ओलं फडकं लांब ठेवा, मोडीची शाई काजळीची असते, पाणी लागलं की पसरते. पेन नको, नोंद पेन्सिलनं वेगळ्या चिठ्ठीवर. आणि एका ओळीत एवढंच:

'रुमाल 7, जुडी 3, अंदाजे 40 कागद, मोडी, शके 1720 ते 1731, विषय: वतनाचा तंटा, कडा कसरीनं खाल्लेल्या, मजकूर शाबूत.'

बस. वाचन, लिप्यंतर, भाषांतर याच्या नादाला आत्ता लागू नका. काळ ठरवायला मोडी जाणणारा एक माणूस पुरतो. शकाचा आकडा असेल तर 78 मिळवा, इसवी सन मिळतो (वर्षाअखेरच्या महिन्यांत 79). 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं काही दिसलं तर तो सुहूर सन (मराठी दफ्तरातली जुनी कालगणना), आकडे अरबी शब्दांत: दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे 1172, इसवी 1771-72. तेवढे शब्द एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले की कॉलेजची पोरंसुद्धा दोन दिवसांत सन काढायला लागतात.

यादी करताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. सगळ्यात जुने कागद सगळ्यात वाईट अवस्थेत नसतात. अठराव्या शतकातला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांचा, तो कसर-वाळवीपासून वाचला तर आजही हातात धरता येतो. 1930 चं साप्ताहिक लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेलं, त्यातलं आम्लच त्याला आतून खातं. घडी उघडली की घडीवरच तुटतं. तेव्हा स्कॅनिंगचा पहिला पैसा साप्ताहिकांवर घाला, असं माझं मत. त्या काळची किरकोळ गावची साप्ताहिकं दुसरीकडे जपलेली असतील याची फारशी आशा नको. लोकांना शिवकालीन कागदात रस असतो आणि छापील रद्दीत नसतो, हे मला मान्य आहे. तरीही.

अंदाजपत्रकात एक खर्च जवळपास सगळे विसरतात, तो साठवणीचा. ए-फोर आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला कॉम्प्रेस न करता टिफ प्रकारच्या फाईलमध्ये साठवलं तर साधारण 26 एमबी होतं. 20,000 पानं म्हणजे 520 जीबीच्या आसपास, आणि तीन प्रती ठेवायच्या (एक संस्थेत, एक दुसऱ्या गावी, एक तिसरीकडे) तर दीड टीबी. हार्ड डिस्क चालू आहे का ते दरवर्षी बघायला हवं आणि काही वर्षांनी ती बदलायला हवी. हे कोण करणार त्याचं नाव ठरावात घाला. स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकायचे नाहीत, हेही त्याच ठरावात.

आणि चेंज रिपोर्ट! जुन्या न्यासांचं घोडं इथे अडतं. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयाला 90 दिवसांत कळवायचं असतं, आणि परिशिष्ट एकवर (त्या कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर) वारलेल्या मंडळींची नावं अजून विश्वस्त म्हणून चालू असतात. अनुदान देणारा परिशिष्ट मागतो, तुमच्या अर्जावरची सही त्यात नसते, आणि फाईल परत. आज यादीला सुरुवात कराल त्याच दिवशी वकिलाकडे चेंज रिपोर्टची कागदपत्रं द्या, दोन्ही साधारण एकदम तयार होतील. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेबही त्याच फाईलमध्ये. पेट्या वाचनालयाच्या मालकीच्या आहेत की कुणा घराण्यानं ठेवायला दिल्या होत्या, तेही बघा. दुसरं असेल तर वारसांकडून साध्या भाषेत ठेवपत्र किंवा देणगीपत्र लिहून घ्या.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. छप्पर दोन वर्षांत दुरुस्त होणार नसेल आणि यादीला बसायला तीन माणसंही मिळत नसतील, तर अनुदानाच्या मागे लागू नका. दफ्तर पुराभिलेखागाराला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या (1910 पासून हेच काम करतात) संस्थेला द्यायचा विचार करा. त्यांच्याशी आधी बोला, डिजिटल प्रत तुम्हाला मिळेल अशी अट घाला, संग्रह तुमच्या वाचनालयाच्या नावानं वेगळा ठेवा म्हणावं. पोथ्या आणि साप्ताहिकं तुमच्याकडेच राहू द्या, तेवढं सांभाळणं जमेल. यावर सभेत आरडाओरडा होईल, पण निर्णय पावसाळ्याआधी घ्या. आणि तोवर पेट्या माळ्यावरून खाली आणून भिंतीपासून हातभर लांब, विटांवर फळ्या टाकून ठेवा.