लॅपटॉप तुमचा, पहारा विद्यापीठाचा

२०२० च्या ऑक्टोबरात राज्यातल्या विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या बहुतेक परीक्षा ऑनलाइन झाल्या. पुढे साथ ओसरली आणि पेपर पुन्हा वर्गात गेले. ऑनलाइन पदव्या, काही पदविका आणि परदेशी विद्यापीठांचे पेपर मात्र घरच्या लॅपटॉपवरच राहिले. त्यावर कॅमेऱ्याची नजर आणि पेपरखेरीज दुसरं काही उघडू न देणारा, कुलूप लावलेला ब्राउझर आला. या वेळचे प्रश्न त्याविषयीचे.

विद्यापीठाने सेफ एक्झाम ब्राउझर टाकायला सांगितलं. टाकला, आयकॉनवर दोनदा क्लिक केलं, तर पेपर कुठेच दिसत नाही. लॅपटॉपवर विंडोजबरोबर उबुंटू ही लिनक्स प्रणालीही आहे, त्यात चालेल का? (बी.एस्सी., सातारा)

उबुंटूत चालणार नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेला हा ब्राउझर फुकट आहे, पण तो विंडोज, मॅक, आयपॅड आणि आयफोन एवढ्यांवरच चालतो. उबुंटूच्या आत आभासी मशीन करून त्यात विंडोज चढवायचा बेत असेल तर तोही सोडा. हा ब्राउझर आभासी मशीन ओळखतो आणि सहसा उघडायलाच नकार देतो.

पेपर न दिसण्याचं कारण वेगळं आहे. हा ब्राउझर म्हणजे नुसतं कुलूप. कोणती साइट उघडायची, कोणते प्रोग्राम बंद पाडायचे, बाहेर पडायला पासवर्ड लागणार का, हे सगळं विद्यापीठाच्या सेटिंग फाइलमध्ये असतं. तिच्या नावाच्या शेवटी डॉट एसईबी असतं. त्यामुळे आयकॉनपासून सुरुवात करू नका. नेहमीच्या क्रोम किंवा एजमधून पोर्टलवर लॉगिन करा, परीक्षेच्या दुव्यावर क्लिक करा, म्हणजे ती फाइल सेफ एक्झाम ब्राउझरला आपोआप उठवेल. मॉक टेस्टची फाइल खऱ्या पेपरला चालेलच असं नाही, म्हणून जुनी डाउनलोड झालेली फाइल उघडत बसू नका. आवृत्तीही विद्यापीठाने कळवलेलीच ठेवा. नवीन ती चांगली, हा नियम इथे लागू नाही.

आणखी दोन अडचणी नेहमी येतात. नव्या, स्वस्त लॅपटॉपवर विंडोज 'एस मोड'मध्ये येतं. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काही बसतच नाही. स्टोअरमध्ये जाऊन एस मोडमधून बाहेर पडता येतं, पैसे लागत नाहीत, पण परत त्यात जाता येत नाही. दुसरी अडचण पेपर संपल्यावरची. ब्राउझर मध्येच कोसळला, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर लॉक किंवा टास्क मॅनेजर दिसेनासे होतात. लॅपटॉप बिघडला असं समजून लोक दुकान गाठतात. ब्राउझर पुन्हा चालू करून नीट बंद केला की बहुतेक वेळा सगळं जागेवर येतं. नाहीच आलं, तर त्याच्याबरोबर बसलेला 'रीसेट युटिलिटी' नावाचा छोटा प्रोग्राम चालवा.

घरी इन्व्हर्टर आहे. वीज गेली तरी लॅपटॉप चालतो, पण वाय-फाय दोन-तीन मिनिटं जातं. मॉक टेस्टमधून तेवढ्यात बाहेर पडलो. (ऑनलाइन एम.बी.ए., पुणे)

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, राउटरला नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर येईपर्यंत जो क्षण जातो, त्यात राउटर बंद पडतो आणि पुन्हा उठून नेट धरायला त्याला तेवढी मिनिटं लागतात. आधी इन्व्हर्टरची मागची बाजू पाहा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असं बटण असतं. यूपीएसवर ठेवलं की बदल इतका झटपट होतो की राउटरला पत्ताही लागत नाही. तोटा एकच: या बटणावर व्होल्टेज १८० च्या आसपास घसरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. ज्या भागात संध्याकाळी दिवे मंद होतात, तिथे पेपर संपला की बटण परत नॉर्मलवर करा, नाहीतर बॅटरी सतत झिजेल.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरची 'आउटपुट' ही ओळ वाचा. बहुधा १२ व्होल्ट, १ अँपिअर असतं, पण ९ व्होल्टचेही राउटर आहेत. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत. ९ च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कमी नकोत. फायबरच्या जोडणीत काही घरांत दोन डबे असतात, एक भिंतीवरचा आणि एक वाय-फायचा. दोन्हींना वीज लागते, हे विसरून एकालाच यूपीएस लावलेला असतो. केबलवाल्याचं नेट असेल तर इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात त्याचा स्विच असतो. तोच बंद पडला तर घरातल्या यूपीएसचा काही उपयोग नाही.

पुण्यात महावितरणची दुरुस्ती गुरुवारी असते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. गुरुवारचा पेपर असेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. कॅमेऱ्याच्या चित्राला साधारण ५०० केबीपीएस अपलोड धरला तर तीन तासांत पावणेसातशे एमबी जातात. पॅक दिवसाला दीड जीबीचा असेल आणि सकाळी कुणी घरात त्याच सिमवर रील पाहिले असतील, तर पेपरच्या मध्यात मर्यादा संपेल. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि चित्र गोठतं. दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर फोन आला की बहुतेक वेळा पहिल्याचा डेटा थांबतो. म्हणून दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा, पहिल्याचे कॉल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर वळवा. लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड' अशी खूण करा, म्हणजे विंडोजचे अपडेट तोच डेटा खाणार नाहीत. हॉटस्पॉटचा फोन खोलीत चालेल का, हे विद्यापीठाला आधी लेखी विचारा. काही ठिकाणी टेबलावर फोन दिसणं हाच गैरप्रकार धरतात.

उत्तरं मराठीत टाइप करायची आहेत. घरी गुगलच्या एक्स्टेंशनवर लिहिते. परीक्षेच्या ब्राउझरमध्ये ते दिसतच नाही. (एम.ए. मराठी, नांदेड)

दिसणार नाही. कुलूपबंद ब्राउझर बाहेरची एक्स्टेंशनं घेत नाही. जुने नॉन-युनिकोड फाँट तर विसराच: तुम्हाला मराठी दिसेल आणि परीक्षकाला इंग्रजी अक्षरांचा चिवडा. विंडोजचा स्वतःचा कळफलक वापरा. वेळ आणि भाषा या सेटिंगमध्ये मराठी जोडा. तिथे इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक मिळेल आणि २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये 'मराठी फोनेटिक'ही आहे. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायची सवय असेल तर फोनेटिक आठवड्याभरात हाताला बसतो.

खरी अडचण पुढे आहे. भाषा बदलायला आपण विंडोजची कळ आणि स्पेस दाबतो, आणि कुलूपबंद ब्राउझरमध्ये विंडोजची कळ बंद असते. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट दाबून पाहा. विद्यापीठाने चालू ठेवलं असेल तर खालच्या पट्टीत भाषेचं बटणही असतं. दोन्ही चाललं नाही, तर कळफलकाच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन मूळ इनपुटच मराठी करून ठेवा. मात्र मग लॉगिनचा पासवर्ड इंग्रजीत कसा टाकायचा, हा पेच उरतो. तो मॉक टेस्टला सोडवायचा, पेपरच्या दिवशी नाही.

मराठीवाल्यांनी एक गोष्ट हाताला लावून घ्यावी. इनस्क्रिप्टमध्ये 'दऱ्या' लिहायचं तर ओ, शिफ्टसह जे, डी, तिरकी रेघ, ई. शिफ्ट राहिलं की तिथे 'दर्या' उमटतो. डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र झाला, की परीक्षक काय करणार! आणि टाइप करताना सतत खाली कळांकडे पाहिलं तर नजरेवर लक्ष ठेवणारी प्रणाली तेही टिपते.

नजर हलली, कुणी बोललं की पेपर रद्द होतो का? मॉकमध्ये 'दुसरी व्यक्ती दिसली' असा इशारा आला, खोलीत मी एकटाच होतो. (पदविका, चिपळूण)

मागच्या भिंतीकडे पाहा. आजोबांचा हार घातलेला फोटो, कॅलेंडरवरचा चेहरा, आरशात दिसणारे तुम्ही स्वतः: चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रामला यातलं काहीही माणूस वाटू शकतं. फोटो उतरवायला संकोच वाटत असेल तर मोकळ्या भिंतीला पाठ करून बसा. खिडकी पाठीशी नको. चेहरा काळा पडतो आणि 'चेहरा दिसत नाही' असा इशारा सुरू होतो. उजेड समोरून किंवा बाजूने घ्या. चष्म्यावर स्क्रीन चमकत असेल तर स्क्रीन थोडी मागे कलंडवा.

इशारा म्हणजे निकाल नव्हे. प्रणाली क्षण टिपून ठेवते आणि चित्रफीत पाहून निर्णय माणसाने घ्यायचा असतो. काही विद्यापीठं ठरावीक इशाऱ्यांनंतर पेपर आपोआप बंद करतात. आमच्या मते ही पद्धत अन्यायाची आहे, पण ती नियमपत्रिकेत छापलेली असेल तर तुम्हाला बांधील आहे, तेव्हा तो आकडा शोधून ठेवा. प्रश्न ओठांनी पुटपुटत वाचायची सवय असेल तर मात्र आजपासून मोडा.

ऑफिसचा लॅपटॉप चालेल का? (ठाणे)

नको. इन्स्टॉल करायचे अधिकार कंपनीकडे असतात आणि कंपनीच्या नेटवर्कमधून नेट फिरवणारं व्हीपीएन किंवा सुरक्षेचा प्रोग्राम कॅमेऱ्याचं प्रसारण अडवू शकतो. शिवाय दुरून मदत करणारा एखादा प्रोग्राम मागे चालूच असतो, जो परीक्षेच्या प्रणालीला नकलेचं साधन वाटतो. घरच्या लॅपटॉपवरही एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर असेल तर नुसती खिडकी बंद करून भागत नाही. प्रोग्रामच काढून टाका. दुसऱ्या स्क्रीनला जाणारी एचडीएमआयची वायरही उपसा.

मॅकवर परवानगी दिली तरी 'स्क्रीन दिसत नाही' येतं. (नाशिक)

स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिल्यावर परीक्षेचा प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. सेकोया या आवृत्तीपासून मॅक हीच परवानगी मधूनमधून पुन्हा विचारतो, म्हणून पेपरच्या आदल्या संध्याकाळी एकदा उघडून होकार देऊन ठेवा.

पेपर चालू असताना नेट गेलं तर? (लातूर)

खिडकी बंद करू नका. घड्याळ सहसा सर्व्हरवर चालतं, तुमच्या लॅपटॉपवर नाही. त्यामुळे गेलेली मिनिटं गेलीच. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवरचा पेपर मूळ सेटिंगप्रमाणे दर मिनिटाला आपोआप जतन होतो, तरी मोठं उत्तर लिहिताना दर परिच्छेदाला जतन करून पुढे जा. स्क्रीनशॉट घेता येणार नाही. कच्च्या कागदावर वेळ, प्रश्न क्रमांक आणि स्क्रीनवरचा संदेश शब्दशः लिहा, मग मदतवाहिनीला फोन करा. त्याच दिवशी आसन क्रमांकासह ईमेल पाठवा. नेट कंपनीकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि वीज गेल्याचा महावितरणचा एसएमएस आला असेल तर तोही जोडा.

जर्मनीतून भारतीय विद्यापीठाचा पेपर द्यायचा आहे, सकाळी १० ला. (म्युनिक)

उन्हाळ्यात तुमच्याकडे साडेसहा, हिवाळ्यात साडेपाच. घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, पेपर त्याच आठवड्यात असेल तर जपा. व्हीपीएन लावून भारतात असल्याचं भासवू नका. पत्ता आधी कळवलेला बरा.

ओळखपत्र म्हणून आधार दाखवायला सांगतात. खोलीही फिरवून दाखवायची. हे बंधनकारक आहे का? (कोल्हापूर)

कॉलेजचं ओळखपत्र चालतं का ते आधी विचारा. आधारच हवं असेल तर शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क्ड आधार डाउनलोड करा. खोली दाखवण्याबद्दल अमेरिकेत वाद कोर्टात गेला होता. २०२२ मध्ये ओहायोतल्या फेडरल न्यायालयाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने केलेलं असं स्कॅनिंग घटनाबाह्य झडती ठरवलं. तो निकाल इथे लागू होत नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीत वाचायचा पर्याय देण्याची तरतूद आहे. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर खोलीतले बँकेचे कागद, औषधं आणि वाळत घातलेले कपडे आधी हलवा. शेवटचा पेपर झाला की प्रोग्राम अनइन्स्टॉल करा आणि कॅमेरा, माइक व स्क्रीन या तिन्ही परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्या.